कानशिलावरचा डाग

गेल्या महिन्यात उज्जैनमध्ये, आमच्या फ्रीगंजातल्या एका बंद गोदामाच्या भिंतीवर सात माणसं उगवली. एकेक चेहरा मजलाभर उंच, काळा-पांढरा. पोहे-जिलबीवाला, सायकलचं पंक्चर काढणारा, भैरवगढची कापड छापणारी बाई, असे रोजचेच लोक. चार-पाच मुलामुलींनी त्यांचे फोटो काढले, कागदावर मोठे छापले आणि खळ लावून भिंतीला चिकटवले. त्यांची म्होरकी अनुजा. ती नानाखेड्याला राहते. आजोबा बँकेच्या बदलीवर साताऱ्याहून आले आणि इथलेच झाले. तिनं मला हाताला धरून भिंतीसमोर उभं केलं आणि म्हणाली, “काकू, बघा ना, कसं जमलंय? आप तो एक्सपर्ट हैं.”

मी बघितलं. काम चांगलं होतं. उजेड सकाळचा, एका बाजूनं घेतलेला, त्यामुळे नाकं आणि गालाची हाडं नीट उठली होती. दोन चेहऱ्यांमध्ये भिंत मोकळी सोडली होती. एक भेग छपाईवालीच्या गळ्याजवळून जात होती, ती त्यांनी झाकली नव्हती. आणि चेहरे कुणी साफ केले नव्हते. देवीचे व्रण, सुरकुत्या, ओठावरची लव, सगळं जागच्या जागी. मला ते फार आवडलं. तरी बघता बघता लक्षात आलं की माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरताहेत. चाळीस वर्षं पेन्सिल धरून ती खोड बोटांना लागली आहे.

“खळीत मोरचूद घातलंत का?” मी विचारलं.

“वो क्या होता है, काकू?”

मी सांगितलं, म्हणजे किडे लागत नाहीत आणि कागद वर्षभर निघत नाही. तिनं ते फोनमध्ये टिपून घेतलं. मग म्हणाली, “फोटो कसा बघायचा असतो? आम्हाला शिकवा ना.” मी म्हटलं, आधी कान बघायचे. तिला ते विनोदी वाटलं. आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकाचं काम तिच्याकडेच आहे, तेव्हा तिथल्या तिथे फर्मान निघालं: “हेच लिहा. जुन्या स्टुडिओच्या गमतीजमती. लोकांना मजा येईल.”

गमती आहेत, नाही असं नाही. आधी त्या देते. पण कान बघायचे हे मी कुठे शिकले तेही सांगावं लागेल, आणि त्यात गंमत नाही.

आमचा स्टुडिओ सासऱ्यांनी काढला. त्यांच्या मागच्या पिढ्या दरबाराच्या कारकुनीत गेलेल्या. सासऱ्यांनीच कुठून तरी एक कॅमेरा पैदा केला आणि घराण्यातले पहिले दुकानदार झाले. फोटो काढायचे सासरे आणि नंतर आमचे हे. माझं काम रिटचिंगचं. आजच्या मुलांना हा शब्द फोनमुळे माहीत आहे, पण आम्ही हे काम फिल्मवर, म्हणजे निगेटिव्हवर, पेन्सिलीनं करत होतो. एक उतरती लाकडी पेटी, तिच्या मधोमध दुधी काच, खाली आरसा. आरशावरून उजेड वर येतो आणि काचेवर ठेवलेली निगेटिव्ह उजळते. तिच्यात सगळं उलटं असतं. काळे केस पांढरे, गोरा गाल काळा. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर पारदर्शक ठिपका म्हणून दिसतो. त्यावर एक पातळ रोगण लावायचं आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं तो ठिपका भरून काढायचा, सभोवारच्या गालाइतकाच, ना कमी ना जास्त. फोटो छापला की डाग नाहीसा. नवखी माणसं जास्त भरतात, मग गालावर पांढरा चट्टा उठतो. माझा कधी उठला नाही. सासरे कौतुक तोंडावर करत नसत, पण गिऱ्हाईकाला सांगत, “सूनबाई के हाथ में जादू है.”

लग्नसराईच्या आधी मुलींचे फोटो ढिगानं यायचे. कुणाचे मुरूम, कुणाचा तीळ, कुणाचे कांजिण्यांचे खड्डे. वधुपिते हळू आवाजात सांगत, “ज़रा देख लेना, भाभीजी.” मी देखून घ्यायची. एकदा एक मुलगा फोटो हातात घेऊन तणतणत दुकानात आला. बघायच्या कार्यक्रमात बसलेली मुलगी आणि फोटोतली मुलगी यांचं आपसात काही नातं आहे का, हे त्याला आमच्याकडून हवं होतं. यांनी त्याला शांतपणे खुर्चीवर बसवलं, त्याचाच जुना फोटो काढून दाखवला आणि विचारलं, “और ये आप हैं?” कारण त्याच्या कपाळावरचं टेंगूळ मीच काढलं होतं. तो हसला. पुढे त्याच मुलीशी लग्न झालं आणि लग्नाची ऑर्डर आम्हालाच मिळाली.

दुसरं काम डोळे उघडण्याचं. त्या काळी कित्येक घरांत म्हाताऱ्या माणसाचा एकही फोटो नसायचा. माणूस गेल्यावर आठवण व्हायची. मग यांना बोलवायचे, हे तिरडी उचलण्याआधी फोटो काढून आणायचे, आणि भिंतीवर हार घालून लावायचा तर डोळे उघडे पाहिजेत म्हणून मी छापलेल्या फोटोवर बारीक ब्रशनं डोळे रंगवायची. एका आजींचे डोळे कसे होते ते घरच्या कुणाला धड सांगता येईना. कुणी घारे म्हणे, कुणी काळे. मी माझ्या सासूबाईंना समोर बसवलं आणि त्यांचे डोळे काढून दिले. फोटो बघून आजींची मुलं ओक्साबोक्शी रडली. “बिलकुल ऐसे ही देखती थीं!” सासूबाईंना हे कळलं तेव्हा आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मला मात्र एक भलतीच खात्री पटली, की लोकांना फोटोत खरं काही नकोच असतं, आणि ते नकोसं काय ते मला बरोबर कळतं. हा माज म्हणा. तो मला महागात पडला असता तर बरं झालं असतं. पडला दुसऱ्याला.

तिसरं काम पोलिसांचं. क्षिप्रेत, रुळावर, धर्मशाळेत कुठे बेवारस प्रेत सापडलं की जवळच्या ठाण्यातून यांना बोलावणं यायचं. यात्रेचं गाव, कुठून कुठून माणसं इथे येतात आणि काही इथेच राहून जातात. हे जाऊन चेहऱ्याचा फोटो काढत. तो ठाण्याच्या फलकावर लागे, एक प्रत फायलीत जाई, आणि ज्यांचं माणूस हरवलं आहे ते येऊन बघत. दोन-तीन दिवसांत कुणी आलं नाही तर प्रेताला अग्नी देऊन टाकत. नंतर येणाऱ्याला फक्त फोटो उरे. या कामाचा आमच्या दुकानात एकच नियम होता. पोलिसांच्या फिल्मला पेन्सिल लावायची नाही. धुवायची, छापायची, द्यायची.

सिंहस्थाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. लग्नसराई होती. यांनी सकाळी घाटाच्या खालच्या अंगाला जाऊन एका बुडालेल्या मुलाचा फोटो काढला आणि तिथून तसेच एका लग्नाला देवासला गेले. फिल्म धुण्या-छापण्याचं माझ्याकडे आलं. माझ्या काचेवर आधीच तीसेक मुलींचे चेहरे रांगेत होते. त्यांच्यामधे हा एक.

अठरा-एकोणीसचा असेल. पाण्यात फार वेळ नव्हता, त्यामुळे चेहरा शाबूत होता. अंगावर चड्डीशिवाय काही नव्हतं, म्हणजे आंघोळीला उतरला असणार आणि काठावरचे कपडे कुणी उचलले असणार. गालावर चिखलाचे शिंतोडे, ओठाच्या कोपऱ्याला काहीतरी चिकटलेलं, आणि डाव्या कानशिलावर वाटाण्याएवढा काळसर डाग. दगडावर आपटला असेल असं मला वाटलं. मला एकदम भडभडून आलं. माझा धाकटा भाऊ त्याच वयाचा होता. याची आई फोटो बघायला येईल, तिला हे असं दिसायला नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी रोगणाची बाटली उघडली आणि पेन्सिल घेतली. आधी गाल. मग ओठ. मग कानशील. वीस मिनिटं लागली असतील. फार सुरेख काम झालं, हे मला आजही नाकारता येत नाही.

फोटो न्यायला ठाण्यातले दीवानजी आले. आमच्याकडे हेड कॉन्स्टेबलला दीवानजी म्हणतात. भला माणूस. फोटो हातात धरून ते जरा वेळ बघतच राहिले. “भाभीजी, ये तो सोया हुआ लगता है.” मला बरं वाटलं. वर्णनाचा कागद त्यांनी ठाण्यात बसून भरला, आणि भरताना समोर तोच फोटो ठेवला होता, हे मला नंतर कळलं. ‘चेहऱ्यावर ओळखीची खूण’ या रकान्यात त्यांनी लिहिलं, नाही.

तीन दिवसांनी त्या मुलाला अग्नी दिला. कुणी आलं नव्हतं.

महिन्याभरानं एक माणूस दुकानात आला. धोतर, पांढरी बंडी, गळ्यात टेलरची मोजपट्टी, काढायची राहून गेलेली. नाव नंदराम. महिदपूरकडच्या एका खेड्यात शिवणकाम करायचा. त्याचा मुलगा बापाशी भांडून घरातून गेला होता, सव्वा महिना झाला होता. दोन गावं आणि चार मेळे पालथे घालून नंदराम उज्जैनला आला होता, आणि आमच्याकडे यायच्या आधी ठाण्यात जाऊन आला होता.

“एक फोटू बताया उन्होंने,” तो म्हणाला. “देखके जान निकल गई. पण यो म्हारो नी है. मेरे छोरे की कनपटी पे डाम है, कान से दो उँगल.” त्यानं आपल्याच कानाजवळ दोन बोटं लावून दाखवली. “छोटा था, पसली चलती थी. मेरी माँ ने लोहा तपाके डाम दिया. मैंने ही पकड़के रखा था. उसमें वो डाम नहीं था, बाई. साफ था. महाकाल ने बचा लिया.”

आमच्या माळव्यात तान्ह्या मुलांना न्यूमोनिया झाला की तापल्या लोखंडानं डागायची जुनी रीत आहे. एरवी पोटावर डागतात. या मुलाच्या कानशिलावर डागलं होतं.

नंदरामनं खिशातून रुमालात गुंडाळलेला फोटो काढला. मेळ्यातल्या स्टुडिओचा. मागे पडद्यावर समुद्र आणि विमान रंगवलेलं, पुढे पुठ्ठ्याची मोटारसायकल, तीवर मुलगा ऐटीत बसलेला. चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा. तो मोठा करून हवा होता, त्यावरून छापखान्यात पत्रकं काढून भिंतीवर लावायची होती. “सिंहस्थ आ रहा है. सारा देश आएगा. वो भी आएगा,” तो म्हणाला. “उसकी माँ रात को दरवाज़े की साँकल नहीं लगाने देती. कहती है, आया और बंद मिला तो लौट जाएगा.”

मी फोटो घेतला आणि परवा या म्हटलं. 

तो गेल्यावर मी भिंग लावून बसले. चेहरा इतका लहान की डोळे-नाक कुणाचंही असू शकेल. कान मात्र स्पष्ट आला होता. डाव्या कानाची वरची कड आत दुमडलेली, जशी वहीच्या पानाची दुमडते तशी. रिटचिंग करणारं माणूस कानाला कधी पेन्सिल लावत नाही. कुणी गिऱ्हाईक कानाची तक्रार करत नाही, तेव्हा वेळ कोण घालवणार? म्हणून माझ्या हाताखालून गेलेल्या हजारो चेहऱ्यांत कान तेवढे खरे राहिले आहेत. मी पोलिसांची निगेटिव्ह काढली. तीच कड, तशीच दुमडलेली.

पेन्सिलीचं काम पुसता येतं. कापूस टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि कानशिलावरून फिरवला. पहिल्यांदा करडं झालं, मग स्वच्छ. काचेखालच्या उजेडात तो पारदर्शक ठिपका पुन्हा उघडला. कानापासून दोन बोटं. दगडाचा मार नव्हता तो. कडा गोल होत्या, जुन्या, भरलेल्या.

मी त्या निगेटिव्हचा फोटो छापला, वाळवला, पाकिटात घातला. संध्याकाळी यांना सगळं सांगितलं. हे कधी माझ्यावर ओरडले नाहीत, त्या दिवशीही नाही. बराच वेळ पानाचा डबा उघड-मीट करत बसले. मग म्हणाले, “सांगून काय होणार? अग्नी देऊन महिना झाला. दीवानजींच्या नोकरीवर येईल, आपलं ठाण्याचं काम जाईल. आणि त्याच्या हातात काय पडणार? आत्ता त्याला निदान वाटतंय की मुलगा कुठे तरी आहे.” मी ऐकलं. नवऱ्याचं ऐकलं म्हणून सांगायला सोपं जातं, पण खरं हे की मला ते ऐकणं सोयीचं होतं. पाकीट मी माझ्या पेटीच्या खणात, पेन्सिलींच्या खाली ठेवलं.

तिसऱ्या दिवशी नंदराम आला. मेळ्यातल्या फोटोवरून मी चेहरा मोठा करून ठेवला होता, डाम जिथल्या तिथे. “यही निशानी है,” तो बोट ठेवून म्हणाला. आपण होऊन मी त्याला खळीचं सांगितलं, मैदा किती, पाणी किती, मोरचूद किती. तेवढ्यावरच मला जरा हलकं वाटलं, इतकी मी हलकी होते.

सिंहस्थ आला आणि गेला. नंदराम महिनाभर घाटांवर पत्रकं वाटत फिरला. मुलगा सापडला नाही. पुढे दरवर्षी कार्तिक मेळ्याच्या सुमाराला तो यायचा. देवासगेटचा बसस्टँड, स्टेशनची भिंत, फ्रीगंजातल्या गल्ल्या, सगळीकडे स्वतःच्या हातानं पत्रकं लावायचा. एक आमच्या दुकानासमोरच्या भिंतीवरही. मी शटर वर केलं की पहिला तो मुलगा दिसायचा. उन्हानं पिवळा पडायचा, पावसात सुरकुतायचा, पण निघायचा नाही. त्याच्याकडे पाठ करून बसता यावं म्हणून मी माझी पेटी दुसऱ्या कोपऱ्यात हलवली. उजेडाचं कारण सांगितलं.

चौथ्या वर्षी नंदराम म्हणाला, “बाई, अब तो मूँछ आ गई होगी. लगा दोगी?”

मी नाही म्हणायला हवं होतं. किंवा तेव्हाच खण उघडायला हवा होता. मी त्याला उजेडाकडे तोंड करून बसायला सांगितलं, त्याची मिशी कशी वळते ते बघितलं, आणि छापलेल्या फोटोवर ब्रशनं एक कोवळी मिशी काढली. गालही थोडे भरले. नंदरामनं चित्र हातात घेतलं आणि त्याचा चेहरा असा काही खुलला की मला वर बघवेना. “हाँ,” तो म्हणाला. “ऐसा ही होगा. ऐसा ही हो गया होगा.”

पुढच्या वर्षी खांदे रुंद केले. त्याच्या पुढच्या वर्षी मिशी दाट केली, डोळ्यांखाली जरा थकवा आणला. मी ते मन लावून केलं, वाईट करून देण्याचा विचारही मनात आला नाही. जो अठराव्या वर्षी माझ्या काचेवर मेलेला पडला होता, त्याला मी वर्षावर्षानं वाढवत होते. आयुष्यात माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं चित्र कुठलं असं कुणी विचारलं तर ते हेच. गावभर माझं प्रदर्शन लागलं होतं आणि त्यातला माणूस कुठे आहे ते मला एकटीला ठाऊक होतं. यांना माहीत होतं, पण यांनी त्यानंतर एकदाही विषय काढला नाही.

दीवानजी सहाव्या वर्षी रिटायर होऊन गावी गेले. ठाण्याचं काम सातव्या वर्षी बंद झालं, पोलिसांनी स्वतःचा कॅमेरा घेतला. म्हणजे न सांगायची दोन्ही कारणं संपली होती. तरी त्या वर्षी मी बोलले नाही. आठव्याला बोलले, कारण बोलणं मला टाळता आलं नाही.

त्या वर्षी नंदराम आला तो डोकं भादरलेलं, मिशीही उतरवलेली. बायको गेली होती, महिना झाला होता. पाणी प्यायला आणि बसला. “जाते जाते भी यही बोली, साँकल मत लगाना,” तो म्हणाला. मग रुमालातून गेल्या वर्षीचं चित्र काढलं. “अब छब्बीस का हो गया. थोड़े बाल कम कर दो सामने से. हमारे यहाँ जल्दी जाते हैं.”

मी ब्रश उचलला. पाण्यात बुडवला. कपाळावर नेला आणि हात खाली येईना. नंदराम वाट बघत होता. ब्रशचं पाणी चित्रावर टपकलं, ते मी पदरानं टिपलं. मग पेटीचा खण उघडला, पेन्सिली बाजूला केल्या आणि ते पाकीट त्याच्यासमोर ठेवलं.

त्यानं फोटो बाहेर काढला. शिंप्याची नजर, इकडे तिकडे गेली नाही. दोन बोटं आपोआप स्वतःच्या कानाजवळ गेली.

“ये कब की है?”

“आप पहली बार आए थे ना, उससे एक महीना पहले की,” मी म्हटलं. “थाने में आपने यही देखी थी. डाम मैंने मिटाया था.”

“काय को?”

“अच्छा दिखे इसलिए.”

 बाहेरून मेळ्याचा भोंगा ऐकू येत होता. हे डार्करूमच्या दारात येऊन उभे होते, त्यांनी खाली मान घातली होती. नंदराम रागावेल, ओरडेल, मोजपट्टीनं मारेल तरी चालेल असं मला वाटत होतं. त्यानं टेबलावरचं दुसरं चित्र उचललं, मिशीचं, आणि दोन्ही शेजारी शेजारी धरली.

“आपको पता था,” तो हळूच म्हणाला. “तो फिर मूँछ क्यों लगाई, बाई?”

  तुम्ही मागितली म्हणून लावली, असं म्हणता आलं असतं, पण तेवढं निर्लज्ज व्हायला जमलं नाही. मी हात जोडले. त्यानं माझ्या हातांकडे बघितलं नाही.

अग्नी कुठल्या घाटावर दिला ते त्यानं विचारलं. मी सांगितलं. डामाचा फोटो त्यानं रुमालात गुंडाळला. मिशीवालं चित्र टेबलावरच ठेवलं आणि बाहेर पडला.

वाटलं, गेला. काचेतून पाहिलं तर समोरच्या भिंतीशी उभा होता. गेल्या वर्षीचं पत्रक नखानं खरवडत होता. कोपरा निघे, फाटे, मधला भाग तसाच राही. मोरचूद घालून केलेली खळ, मीच शिकवलेली. तो खिशातली कात्री काढून तिच्या टोकानं उचकटू लागला तेव्हा मला राहवलं नाही. मी आत जाऊन पातेल्यात कोमट पाणी घेतलं, फोटो धुवायचा स्पंज घेतला आणि रस्ता ओलांडून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मला वाटलं हाकलून देईल. त्यानं थोडं सरकून जागा केली.

मी भिजवत गेले, तो सोडवत गेला.  जाणारे-येणारे बघत होते, फ्रीगंजातल्या स्टुडिओवाल्या भाभीजी भिंत पुसताहेत म्हणून. अर्धा तास लागला. शेवटी फाटलेला कोपरा सोडला तर पत्रक अखंड सुटून आलं, खांद्यांसकट. नंदरामनं ते कापडासारखं झटकलं, चार घड्या घातल्या आणि बगलेत धरलं. स्टेशनच्या भिंतीवर अजून दोन होती, बसस्टँडवर तीन. ती मी उतरवीन असं मी म्हटलं. त्यानं मान डोलावली.

“मैं चलूँ. पाँच की बस है,” तो म्हणाला. मग थोडा थांबला, आणि माझ्याशी नाही तर त्या ओल्या भिंतीशी बोलल्यासारखा म्हणाला, “आज घर जाके साँकल लगा दूँगा.”

आणि देवासगेटच्या दिशेनं चालू लागला.